हिरवा चिमटा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरून आठ-दहा दिवस झाले होते. दुपारची वेळ, व्हरांड्यात पोरं ओळीनं बसलेली, खिचडीचा तो हळद-मोहरीचा वास, ताटांचा खणखणाट, आणि मी चौथीच्या वह्या मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसले होते. एकदम ताट आपटल्याचा आवाज आला. वर बघते तर एक ताट गरगर फिरत पार नळापर्यंत गेलेलं, गरम खिचडी शेजारच्या पोराच्या पायावर उडालेली, ते पोरगं बोंबलतंय, आणि ज्यानं ताट फेकलं तो भिंतीला पाठ लावून उभा. मुठी आवळलेल्या, खालचा ओठ दातात धरलेला, डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. नऊ वर्षांचं पोर. मी धावले, आधी त्या भाजलेल्या पायावर पाणी ओतलं, मग ह्याच्याकडं वळले आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. शेवटी तर ओरडलेच, 'आधी शांत हो!' तो बिचारा एक शब्द बोलत नव्हता. आख्ख्या व्हरांड्यात आवाज फक्त माझा होता.

संध्याकाळी वर्गाला कुलूप लावायला गेले तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याकडं लक्ष गेलं. तो तक्ता मीच बनवलेला, जूनमध्ये, मोठ्या हौसेनं. पिवळ्या कार्डशीटवर चार चेहरे काढलेले, आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. आठवडी बाजारातून कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे आणले होते दोन डझन, प्रत्येकावर एकेकाचं नाव चिकटवलं होतं, आणि रोज सकाळी परिपाठ झाला की पोरांनी वर्गात यायचं, डब्यातून आपापला चिमटा काढायचा आणि आज आपल्याला कसं वाटतंय त्या चेहऱ्याला लावायचा. एका ट्रेनिंगमध्ये बघितलेली कल्पना होती, मला फार आवडलेली. दोन डझनात हिरवा चिमटा एकच निघाला होता आणि तो ह्या पोरानं पहिल्याच दिवशी पटकावला होता. म्हणून तर लांबून पण दिसला मला. हिरवा चिमटा आनंदी चेहऱ्यावर लावलेला होता. मग आठवलं, कालही तिथंच होता. परवाही. जूनपासून तो चिमटा दुसऱ्या कुठल्या चेहऱ्यावर बघितल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी नळावर तो एकटाच तोंड धूत होता, तेव्हा मी जवळ गेले. रागावून नाही, खरंच मऊ आवाजात विचारलं, की बाळा काल तुला एवढा राग आलेला, मग चिमटा आनंदीवर का लावला होतास? तो बराच वेळ नळाची तोटी फिरवत राहिला. मग म्हणाला,

'दुसरीकडं लावला की तुम्ही इचारता.'

हे एवढंच. आणि ओल्या हातानं केस मागं सारत वर्गात निघून गेला. मी मात्र तिथं नळापाशीच उभी राहिले. कारण ते शंभर टक्के खरं होतं. ज्या पोराचा चिमटा दुःखीवर दिसेल त्याला मी तेवीस पोरांसमोर विचारायचे, 'का रे, काय झालं? सांग ना.' मला वाटायचं मी माया करतेय. पोरं कधी खरं सांगायची, कधी 'पोट दुखतंय' म्हणायची, आणि पंधरा-वीस दिवसांत सगळा वर्ग हळूहळू आनंदी चेहऱ्याकडं सरकला होता, आणि मी, मी केंद्रसंमेलनात तक्त्याचा फोटो दाखवून सांगितलं होतं की बघा, उपक्रमामुळं वर्गात किती आनंदी वातावरण झालंय. ते सांगताना माझा चेहरा कसा फुललेला असेल ते आठवलं की आजही कसंनुसं होतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, त्यामुळं दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं ते मी वेगळं सांगायला नको. पण जे बाहेरून येतात त्यांना फक्त गाड्या जाताना दिसतात, त्यानंतरचं गाव दिसत नाही. मला नोकरी लागून सोळा वर्षं झाली, दरवर्षी बघते, तरी सवय होत नाही. रात्री ट्रॅक्टर लागतात, ट्रॉलीत ताडपत्री, पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, ज्वारीचं पोतं, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, वर बायका लेकरं घेऊन बसलेल्या, मुकादम खालून ओरडतोय. डिझेलचा धूर आणि धूळ. आणि सकाळी गल्लीतली निम्मी दारं कुलपात. ओट्यांवर म्हातारी माणसं, अंगणात झाडलोट नाही, चुलीचा धूर कमी, कुत्री सुद्धा अशी दारात तोंड खुपसून पडलेली असतात की बघवत नाही. काही पोरं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात आणि हंगामी वसतिगृहात म्हणजे शाळेतच सकाळ-संध्याकाळ जेवतात. हा हिरव्या चिमट्याचा पोरगा दुसऱ्या गटातला. आई-बाप कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याला, एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्यामुळं मार्च-एप्रिलला पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येण्याचा प्रश्नच नाही. फोन येतो, पण कधी, तर गाडी भरून झाल्यावर, आणि गाडी भरायला रात्रीचे दोन पण वाजतात.

खिचडीच्या दिवशी काय झालं होतं ते मला चार दिवसांनी स्वयंपाकाच्या मावशींकडून कळलं, तेही त्या रडत सांगत होत्या म्हणून. त्यांनी त्याच्या ताटात जास्तीचा डाव वाढला होता आणि डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, 'पोटभर खा रे लेकरा, आई नाई ना आता खाऊ घालायला.' बास. मायेनंच म्हणाल्या होत्या. आणि त्या मायेनंच ते ताट उडालं होतं.

मग मी माझ्या त्या चार चेहऱ्यांकडं नव्यानं बघायला लागले. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. ह्यातला कुठला चेहरा लावायला हवा होता त्यानं? राग होता? बाहेरून तरी रागच दिसला. पण खरं काय होतं ते मला एकदा सकाळी तिसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं सांगितलं, तिची आई पण गेलेली. भाषेच्या तासाला विरुद्धार्थी शब्द चालले होते, मी विचारलं सुखीच्या उलट काय, तर 'दुःखी' म्हणायच्या ऐवजी ती सहज बोलून गेली, 'करमत नाई.' सगळा वर्ग हसला. मी पण हसणार होते, आणि थांबले. करमत नाही! ही भावना आमच्या तक्त्यावर नव्हतीच. करमत नाही म्हणजे दुःख नाही, कंटाळा नाही, आठवण आहे पण नुसती आठवणही नाही. सगळं जागच्या जागी आहे, घर आहे, जेवण आहे, खेळायला पोरं आहेत, आणि तरी आपण कुठंच मावत नाही. मराठी माणसाला हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. सासरी गेलेली पोरगी म्हणते, पुण्याला शिकायला गेलेलं पोर फोनवर म्हणतं, नवरा गेल्यावर म्हातारी म्हणते. आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना दिवाळीपासून करमत नव्हतं, आणि मी त्यांना विचारत होते, तू दुःखी आहेस का रागावलेला, एक काहीतरी सांग.

त्या दिवशी विरुद्धार्थी शब्द बाजूला ठेवले आणि फळ्यावर पोरांचेच शब्द लिहायला लागले. आधी लाजली, मग थांबेनात. कसंतरी होतंय. डोकं फिरलं. पोटात खड्डा पडला. जीव लागत नाई. जीव टांगणीला लागला (हा आजीचा शब्द, सांगणारीनं आजीसारखाच हात हलवून सांगितला). घालमेल. चिडचिड होती. फुगून बसलोय. लई भारी वाटतंय. धडधड. अंगावर काटा. हुरहूर कुणीच सांगितलं नाही, ते मी लिहिलं. फळा भरला, खाली जागा उरली नाही. हिरव्या चिमट्यानं एकही शब्द दिला नाही, पण सगळे वाचत मात्र होता, ओठ हलत होते. मला बी.ए.चा काव्यशास्त्राचा पेपर आठवला. नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींचे ८ स्थायी भाव आणि ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणारे, मार्कांसाठी घोकून पाठ केलेले. आमच्याकडं दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी अशी यादी आहे, आणि त्यात एक आहे औत्सुक्य. आपण आज त्याला उत्सुकता समजतो, पण तिथं अर्थ वेगळा, जिवाच्या माणसाचा वियोग झाला आणि त्याची आठवण येत राहिली की जे होतं ते. म्हणजे करमत नाहीच की! तेव्हा परीक्षेत लिहिलं होतं मी ते, व्याख्या आणि उदाहरणासकट, पण एखाद्या पोराच्या तोंडावर ते ओळखायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही मनात आलं नव्हतं.

त्याच पेपरात ८ सात्त्विक भाव होते, म्हणजे शरीरावर उमटणारे. घाम, रोमांच, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं, अश्रू वगैरे. मन सांगत नाही तेव्हा अंग सांगतं. ते डोक्यात होतं म्हणून एका शनिवारी मी व्हरांड्यात एका पोराला पाठीवर झोपवलं आणि खडूनं त्याच्या कडेनं रेघ मारली, म्हणजे फरशीवर एक आख्खं माणूस तयार झालं. मग प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले, तेच आमचे बेरीज-वजाबाकीचे, आणि सांगितलं, बोलायचं काहीच नाही, मी पण विचारणार नाही, फक्त तुमचा राग किंवा ते करमत नाईवालं जिथं येतं तिथं चिंचोके ठेवा. किती वेळ शांतता होती! फक्त चिंचोक्यांचा फरशीवरचा टकटक आवाज. कुणी छातीवर ठेवले, बरेच जणांनी पोटावर, एकानं दोन्ही कानांवर ('कान तापतात बाई', हे त्यानं न विचारता सांगितलं), एकीनं घशाशी. हिरवा चिमटा शेवटी उठला. त्यानं सगळे चिंचोके पायांवर ठेवले. एक पण वर नाही. दोन्ही तळपायांवर नीट ढीग केले आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. मी विचारणार नाही असं कबूल केलं होतं, त्यामुळं जीभ चावून गप्प बसले. थोड्या वेळानं तो स्वतःच बोलला, माझ्याकडं न बघता, त्या खडूच्या पायांकडं बघत.

'पाय वळवळतेत. चालत जावं वाटतं.'

कुठं ते त्यानं सांगितलं नाही. तीनशे किलोमीटरच्या वर आहे ते.

त्या रात्री मला माझी आजी फार आठवली. लहानपणी मी भयंकर रुसायची, खोलीच्या कोपऱ्यात तोंड फुगवून तासन्‌तास. आई चिडायची, वडील म्हणायचे शहाणी पोरं असं करत नाहीत. आजी काहीच म्हणायची नाही. सुपात ज्वारी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायची आणि म्हणायची, मला दिसत नाही ग, खडे काढून दे. खडे काढता काढता हात चालायचे, मान खाली असायची, आणि कधीतरी मी आपणहून सांगायला लागायचे. सांगून झालं तरी आजी 'हं' एवढंच म्हणायची. तिला शाळा माहीत नव्हती, पण तिनं तिच्या आईला आणि सासूला जात्यावर बसून ओव्या म्हणताना ऐकलं होतं, स्वतः म्हणायची. मला वाटतं ती पद्धत तिथूनच आली. पहाटेचा अंधार, समोर फक्त जातं, खुंट्यावर हात, घासागणिक पीठ पडतंय, आणि त्या फेऱ्यात बाई माहेराचं, सासूचं, मेलेल्या लेकराचं, भावाचं सगळं बोलून मोकळी होतेय. कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. जातं विचारत नाही, का ग काय झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी गावोगाव जाऊन अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. मी त्यातल्या काही एकदा मोबाईलवर ऐकत बसले होते, स्वयंपाक करपेपर्यंत. एक लाख वेळा कुणीतरी आपल्या मनात काय चाललंय त्याला शब्द दिला. आणि आम्ही म्हणतो भावना ओळखायला शिकवणं हे नवीन आलंय.

नवीन जे आलंय त्यालाही मी नावं ठेवत नाही. मी वाचते, रात्री पोरं झोपली की शोधून शोधून वाचते. मॅथ्यू लिबरमन नावाचे अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी २००७ मध्ये छापलं होतं की माणसाला राग, भीतीचे चेहरे दाखवले आणि त्या भावनेला नुसतं नाव द्यायला लावलं, तर मेंदूतला अमिग्डला नावाचा जो धोक्याची घंटा वाजवणारा भाग आहे त्याची खळबळ कमी होते. हे वाचलं तेव्हा मला अगदी भरून आलं, कारण आजीचं 'हं' मला त्यात दिसलं. पण ती मोठी माणसं होती, मशीनमध्ये शांत पडून फोटोंना नाव देणारी, आणि त्यांना कुणी तेवीस जणांसमोर उभं केलं नव्हतं. २०११ मध्ये एक मोठा अभ्यास आला, शाळांमधले भावना ओळखायला-सांभाळायला शिकवणारे २१३ उपक्रम आणि २ लाख ७० हजारांवर मुलं, त्यात वागणं तर सुधारलंच पण अभ्यासातही ही मुलं ११ पर्सेंटाइलनं पुढं निघाली. आणि मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ८ हजारांवर मुलांना माइंडफुलनेस, म्हणजे आपल्या श्वासाकडं-मनाकडं शांतपणे लक्ष देणं, शिकवून बघितलं तर नेहमीच्या तासांपेक्षा काही जास्तीचा फायदा दिसला नाही, बऱ्याच पोरांनी घरी सरावच केला नव्हता म्हणे. मी दोन्ही वाचून बराच वेळ बसले होते. मला दोन्ही खरे वाटतात. तास तोच असतो, पण एका वर्गात पोराला कुणीतरी आपलं ऐकतंय असं वाटतं आणि दुसऱ्या वर्गात डोळे मिटून बसायची आणखी एक शिस्त होते.

आपल्याकडं पण सगळं आलंय तसं. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून नर्सरी ते आठवी रोज हॅपिनेसचा तास सुरू झाला, आपल्याकडं २०२४ च्या मार्चमध्ये आनंददायी शनिवारचा जीआर निघाला. त्याआधी जीवनकौशल्यं होतीच, दहा, त्यातलं एक 'भावनांचे समायोजन'. आम्हा शिक्षकांना ती दहाच्या दहा तोंडपाठ आहेत, झोपेत विचारा. जीआरचं मी मनापासून स्वागत केलं कारण निदान शनिवारी तरी कुणी विचारत नाही की किती पानं झाली. पण मला एक गोष्ट छळते आणि ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये बोलता येत नाही. आम्ही पोरांना शिकवतो की राग आला की दीर्घ श्वास घ्या, दहापर्यंत आकडे मोजा, पाणी प्या. चांगलंच आहे, मी पण करते. पण ह्या पोराला आलेला राग चुकीचा होता का? नऊ वर्षांच्या पोराची आई सहा महिने तीनशे किलोमीटर लांब पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते, आणि त्याला नवीन दात आला ते तिला दिसत नाही. ह्यावर राग नाही आला तरच मला काळजी वाटली पाहिजे. श्वासानं उचल फिटत नाही. आम्ही पोरं गप्प करतोय का शांत करतोय हे मी स्वतःला रोज विचारायला लागले, आणि खरं सांगते, काही दिवस उत्तर 'गप्प' असंच येतं, कारण चौथीला तेवीस पोरं आहेत, शेजारचा वर्ग पण बऱ्याचदा माझ्याकडंच असतो, आणि गप्प बसलेल्या वर्गात माझं काम उरकतं.

आणि माझा राग? त्याबद्दल कुणीच बोलत नाही. खिचडीच्या दिवशी माझा हात उचलला गेला होता. मी वर लिहिलं नाही ते. हात उचलला आणि त्या पोरानं डोळे सुद्धा मिटले नाहीत, नुसता बघत राहिला, आणि मी हात खाली घेतला. कायदा आहे, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, पण त्या क्षणी मला कायदा आठवला नव्हता, मला त्याचे न मिटलेले डोळे दिसले होते. माझे चिंचोके कुठं ठेवले असते मी? बहुतेक जबड्यात. माझा जबडा आवळला जातो, दाढा दुखायला लागतात, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं, त्या फरशीवरच्या खडूच्या माणसाकडं बघताना कळलं. आता दाढा दुखायला लागल्या की मी पोरांना सांगते, बाईंचा जबडा आवळलाय, दोन मिनिटं कुणी बोलू नका. आणि ती बोलत नाहीत! एक-दोन जणी तर पाण्याची बाटली आणून टेबलावर ठेवतात आणि काही न विचारता जाग्यावर जाऊन बसतात. पहिल्यांदा बाटली ठेवली तेव्हा मला फळ्याकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

तक्ता मी काढला नाही, पण चेहरे काढून टाकले. आता नुसतं पिवळं कार्डशीट आहे, कडेनं पोरांचे शब्द लिहिलेत, चिमटा कुठंही लावा, नाही लावला तरी चालेल, आणि मी विचारणार नाही. ज्याला सांगायचंय तो माझ्या टेबलावर चिमटा आणून ठेवेल, मग आपण मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली बसू. पहिला आठवडा कुणीच ठेवला नाही. मग एकेक यायला लागले. हिरवा चिमटा कधीच नाही आला टेबलावर. पण त्याचं आणि माझं दुसरंच ठरलं, तेही न बोलता. तास चालू असताना तो कधी कधी उठून म्हणतो, 'बाई, पाय.' मी मान हलवते. तो बाहेर जातो, कडुलिंबाला पाच-सहा फेऱ्या मारतो, पाणी पितो आणि येऊन बसतो. बाकीच्यांना पण कळलंय ते, कुणी हसत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ज्याच्या पायावर खिचडी उडाली त्याचे वडील शाळेत आले होते, आणि त्यांचं बोलणं मला अजूनही खोडता येत नाही. म्हणाले, मॅडम, माझ्या पोराला फोड आला आणि त्याला तुम्ही बक्षीस म्हणून फिरायला सोडता? मी त्यांना समजावलं, पण घरी आल्यावर वाटलं की त्या दुसऱ्या पोराच्या भावनेकडं मी बघितलंच नव्हतं, त्याला नुसतं मलम लावून पाठवलं होतं. तो आठवडाभर ओळीत सगळ्यात शेवटी जाऊन बसत होता, भिंतीशी, आणि ते मला दिसलं नव्हतं कारण माझं सगळं लक्ष हिरव्या चिमट्याकडं होतं. मग मी दोघांना एकत्र बसवून माफी मागायला लावली नाही, तसली माफी पोरं पोपटासारखी म्हणतात. पण तो पाय बरा होईपर्यंत रोज त्याचं ताट वाढून आणायचं काम ह्याच्याकडं दिलं. कुरकुरत करायचा. सातव्या-आठव्या दिवशी दोघं एकाच ताटातली लिंबाची फोड चोखत बसलेले दिसले. आणि तरी जानेवारीत ह्यानंच एकाची वही टराटरा फाडली. त्या दिवशी 'बाई, पाय' म्हणायच्या आत हातच पुढं गेला. फाडल्यावर मात्र तो पहिल्यांदा रडला, वर्गात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून, आणि मी त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसून फाटलेली पानं चिकटपट्टीनं चिकटवत राहिले. थोड्या वेळानं तो पट्टी धरायला लागला.

मार्च संपला तशी मी नोंदवही काढली. वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. खिचडीच्या दिवशी संध्याकाळी रागारागानं लिहिलेली माझीच ओळ त्याच्या पानावर होती, 'रागावर नियंत्रण ठेवणे आवश्यक.' अक्षर पण तिरकं आलेलं. खाडाखोड चालत नाही म्हणून ती तशीच राहणार. विशेष प्रगतीच्या रकान्यात काय लिहावं ह्याचा विचार करत मी खूप वेळ बसले. तयार नोंदींचं पुस्तक आहे आमच्याकडं, सगळेच वापरतात, त्यात 'स्वतःच्या भावना ओळखतो' असं छापील वाक्य आहे. ते लिहायला हात धजेना. शेवटी लिहिलं, 'पाय वळवळायला लागले की सांगतो.' मुख्याध्यापकांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि सही केली.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. उन्हाचा कडाका, कडुलिंबाचा मोहर सगळ्या व्हरांड्यात सांडलेला, त्याचा कडसर वास. परिपाठ झाला, पोरं आत आली, डब्यातून चिमटे काढून लावून मोकळी झाली. मी हजेरी घ्यायला बसले. त्याचं नाव घेतलं तर उत्तर नाही. बाकाकडं बघितलं, रिकामा. सोळा वर्षांच्या सवयीनं तोंडात आलंच होतं, का रे नाही आला, पण मी काही म्हणायच्या आत ती करमत नाईवाली पोरगी उठून उभी राहिली, तिचं तोंड तर सगळंच फुललेलं, चिमटा अजून हातातच.

'बाई, त्याची आई आली रात्री दोनला. माझी पण आली, एकाच गाडीत. मी तरी आले, तो उठतच नव्हता. आईच्या पायावर पाय टाकून झोपलाय.'

मी त्याच्या नावापुढं गैरहजर मांडलं आणि पुढचं नाव घेतलं. हिरवा चिमटा डब्यातच होता.